पिकअपच्या पाठीवरील घर

बैलगाडी भरणारा शेतकरी एक गोष्ट शाळेत न जाताही जाणत असतो. मागील बाजूस भार अधिक झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचा गाडीवरील ताबा सुटतो. पिकअप ट्रकच्या पाठीवर राहण्याजोगी खोली स्वहस्ते बांधू इच्छिणाऱ्याने हाच धडा प्रथम गिरवावयास हवा. अशी खोली आधी ओझे असते, आणि मग घर.

जबलपूर शहरास गाड्यांची ओळख जुनी आहे. येथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. वाहन निर्माणी १९६९ साली स्थापन झाली. निसान कंपनीच्या परवान्याने सैन्यासाठी एक टनी मालवाहू गाडी व जोंगा ही जीपसारखी गाडी या शहरात तयार होत असे. ‘जोंगा’ हे नाव ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनले आहे. दोन्हींचे उत्पादन आता थांबले आहे. तथापि सैन्यातून निघालेल्या जोंगा लिलावांतून नागरिकांच्या हाती आल्या व हौशी मंडळींनी त्या मोठ्या मायेने राखल्या. खोलीसाठी मात्र एक टनी गाडीसारखा मागे उघडा हौदा असलेली गाडीच सोयीची.

‘एक टन’ हा शब्द ऐकून हुरळून जाऊ नये. त्या १००० किलोंत खोलीबरोबर अंथरुणे, भांडी, पाणी आणि प्रवासीही मोजावे लागतात. बारा मिलिमीटर जाडीचा, ८ फूट × ४ फूट आकाराचा प्लायवुडचा एक तक्ता सुमारे २२ ते २५ किलो भरतो. असे दहा तक्ते लावले की पाव टन भिंतींतच संपला. म्हणून सांगाडा सागवानाच्या बारीक पट्ट्यांचा करावा, आतून पातळ प्लायवुड व बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा लावावा. एक मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला पावणेआठ किलोंहून थोडा अधिक भरतो, ॲल्युमिनियमचा केवळ २.७ किलो. दोहोंमधील पोकळीत थर्माकोल भरल्यास जबलपूरचा वैशाखही सुसह्य होतो.

परंतु भार किती, याहून तो किती उंचीवर आहे हा प्रश्न अधिक गंभीर आहे. उदाहरणादाखल एक गाडी कल्पू. तिचे वजन १५०० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर १४० सेंटिमीटर. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला ओळंबा चाकांच्या बाहेर पडेपर्यंत गाडी उलटत नाही. या रिकाम्या गाडीच्या बाबतीत तो कोन सुमारे ४७ अंशांचा येतो. आता तीवर ५०० किलोंची खोली ठेवली आणि त्या खोलीचा गुरुत्वमध्य १५० सेंटिमीटरवर आहे असे धरले, तर एकंदर गुरुत्वमध्य ८६ सेंटिमीटरवर जातो व कोन ३९ अंशांवर उतरतो. त्यावर कोणी टपावर, म्हणजे २३० सेंटिमीटर उंचीवर, आणखी १०० किलो सामान बांधले की तो ३७ अंशच उरतो. स्प्रिंगा दबून गाडी वळणावर आणखी कलते, त्यामुळे खरी मर्यादा याहूनही अलीकडे असते. मंडल्याकडून कान्हाच्या अरण्याकडे जाणाऱ्याने हे गणित घरीच करून निघावे.

यावरून मांडणी आपोआप ठरते. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो. त्याची टाकी छताशी न ठेवता हौद्याच्या तळाशी आणि मागील आसाच्या किंचित पुढे बसवावी. बॅटरी व हत्यारेही तेथेच. आसाच्या मागे भार वाढला की पुढील चाके हलकी होतात व सुकाणू सैल वाटू लागते. बैलगाडीचे जू उचलले जाते तसाच हा प्रकार. वर केवळ कपडे व पांघरुणे असावीत.

दुसरा धोका डोळ्यांस दिसत नाही. थंडीच्या रात्री दारे-खिडक्या लावून आत शेगडी पेटती ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्यास रंग नाही, वास नाही. निजलेला माणूस उठतच नाही. कोळशाची शेगडी आत कदापि नेऊ नये. स्वयंपाकाचा वायू हवेहून जड असल्याने गळती झाली तर तो तळाशी साचतो. यास्तव एक झरोका जमिनीलगत व दुसरा छताजवळ, असे दोन झरोके कायम उघडे राहतील अशी रचना करावी. त्यांना जाळी लावावी, झडप लावू नये.

खोली हौद्यास चार कोपऱ्यांनी साखळ्या व टर्नबकल यांनी आवळावी, म्हणजे ती पुढे उतरविताही येते. खिळ्यांवर विसंबू नये. रस्त्याच्या हादऱ्यांनी ते सुटतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कठोरपणेच लावला आहे. तेव्हा करवत हाती घेण्यापूर्वी आराखडा परिवहन कार्यालयात दाखवावा. हे काम कंटाळवाणे खरे, पण नंतर सारे मोडण्यापेक्षा बरे.

बांधकाम पुरे झाल्यावर पाणी, सामान व माणसे यांसह गाडी वजनकाट्यावर न्यावी. प्रथम सर्व चाके, मग केवळ मागील चाके काट्यावर घेऊन दोन्ही आकडे निर्मात्याने ठरविलेल्या मर्यादांशी ताडून पाहावेत. पहिल्या पन्नास किलोमीटरांनंतर थांबून चारही टर्नबकल पुन्हा आवळावेत; ते सैल झालेले आढळतील.