लेकरांची सेवा आणि तिचें शिक्षण

एका उपदेशकबंधूंचें पत्र आमच्यासमोर आहे. त्यांची कन्या यंदा बी. ए. झाली असून तिला ‘बालक व कुटुंब’ हा विषय घेऊन समाजकार्याचें पुढील शिक्षण घ्यावयाचें आहे. बंधु लिहितात, ‘शिक्षिका किंवा परिचारिका होणें आम्हांस समजतें. पण लेकरांचें पाहावयास कॉलेजांत दोन वर्षें काय शिकावयाचें? आमच्या आईनें सात मुलें वाढविलीं. तिनें शाळेचें तोंडहि पाहिलें नव्हतें.’ हा प्रश्न एकट्या त्यांचाच नाहीं. मंडळ्यांत फिरतांना तो आम्हांस अनेक ठिकाणीं ऐकूं येतो, म्हणून त्याचें उत्तर येथें देतों.

बंधूंच्या आईनें सात मुलें वाढविलीं तीं स्वतःच्या घरचीं. प्रत्येकाचें दुखणें, प्रत्येकाचा हट्ट, प्रत्येकाची भीति तिला ठाऊक होती. परक्याच्या घरचें मूल आपल्यापुढें येतें तेव्हां ह्यांतलें कांहींच आपणांस ठाऊक नसतें, आणि तरी त्याच्याविषयीं निर्णय करण्याची घाई मात्र आपणांस फार असते. ह्या घाईचा परिणाम काय होतो हें आम्ही पुस्तकावरून सांगत नाहीं.

सुमारें वीस वर्षांमागें आम्ही सेमिनरीचा अभ्यास पुरा करून एका दुष्काळी तालुक्यांतल्या मंडळीवर नुकतेच आलों होतों. मंडळींत एक विधवा बाई होती. दिवाळीच्या सुमारास ती ऊसतोडीला जाई आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं परत येई. तिचा आठ वर्षांचा मुलगा तिच्याबरोबर फडावर जाई, त्यामुळें त्याची शाळा बुडे. आम्हांस दया आली. आम्हीं दूरच्या एका वसतिगृहाशीं पत्रव्यवहार केला, अर्ज भरला, बाईचा अंगठा घेतला आणि मुलाला स्वतः नेऊन पोहोंचविलें. त्या रविवारीं ह्या कामाबद्दल आमची प्रशंसाहि झाली. मुलगा दोनदां पळून आला. दोन्ही वेळां आम्हींच त्याला समजावून परत नेलें. पुढें तो पळाला नाहीं, पण बोलेनासा झाला. सुटींत घरीं आला तरी आईशीं दोन शब्द बोलेना, जेवतां जेवतां ताटावरून उठे, रात्रीं दचकून जागा होई.

पुढल्या वर्षीं समाजकार्याच्या एका महाविद्यालयाची विद्यार्थिनी क्षेत्रकार्यासाठीं त्या गांवीं येऊं लागली. वयानें ती आमच्याहून लहान. तिनें उपदेश केला नाहीं कीं कागद काढला नाहीं; तीन संध्याकाळ ती बाईच्या अंगणांत शेंगा फोडीत बसली. मग तिनें आम्हांस एक आकृति काढून दाखविली. त्या घराच्या तीन पिढ्यांचीं माणसें तींत होतीं: कोण हयात, कोण कोठें, कोणाचें कोणाशीं जमतें. त्यांत मुलाची आत्या होती. ती त्याच गांवांत, आमच्या दारापासून दोनशें पावलांवर राहत होती. मुलगा तिच्या अंगाखांद्यावर खेळला होता, आणि हंगामापुरता त्याला ठेवून घेण्यास ती तयार होती; जास्तीच्या एका तोंडाचें पोट कसें भरावें एवढीच तिला चिंता. हें आम्हांस ठाऊक नव्हतें, कारण आम्हीं कोणाला विचारलेंच नव्हतें. सरकारच्या बालसंगोपन योजनेखालीं अशा मुलासाठीं, तो कुटुंबांतच राहत असतां, दरमहा मदत मिळूं शकते, हेंहि आम्हांस त्या विद्यार्थिनीकडून कळलें. (आज ह्या योजनेस क्रांतिज्योति सावित्रीबाई फुले ह्यांचें नांव असून रक्कम दरमहा २,२५० रुपये आहे.) मुलगा आत्याकडे आला. बोलूं लागावयास त्याला बरेच महिने लागले. आम्ही बाईची क्षमा मागावयास गेलों तेव्हां ती म्हणाली, ‘पाळकसाहेब, तुम्ही चांगल्यासाठींच केलंत. मला बी वाटलं, साहेब म्हणत्यात म्हंजी तसंच असंल.’ ह्या दुसऱ्या वाक्यानें आम्हांस जेवढें लागलें तेवढें कोणत्याहि रागाच्या शब्दानें लागलें नसतें.

त्या विद्यार्थिनीला तें सुचलें तें ती आमच्याहून अधिक दयाळू होती म्हणून नव्हे. तिला तें शिकविलें होतें.

आतां काय शिकवितात तें पाहूं. मुलाच्या वाढीचे टप्पे, कुटुंबाची घडण, कायदा, संशोधनाची रीति हे विषय वर्गांत होतात, आणि त्यांबद्दल येथें विस्तार नको. ह्या अभ्यासाचा प्राण क्षेत्रकार्यांत आहे. बहुतेक ठिकाणीं आठवड्यांतले दोन दिवस विद्यार्थी वस्तींत, बालगृहांत, रुग्णालयांत किंवा गांवांत जातो, काय पाहिलें व काय बोलणें झालें तें लिहून काढतो, आणि तें लिखाण मार्गदर्शक अध्यापकापुढें ठेवतो. अध्यापक विचारतात: हें बाई म्हणाली कीं तुला वाटलें? तिनें उत्तर देण्याआधींच तूं पुढला प्रश्न कां केलास? तुला राग कोणाचा आला, आणि तो तुझ्या अहवालांत कोठें उतरला आहे? असे प्रश्न आम्हांस सेमिनरींत उपदेशाच्या तयारीविषयीं झाले, पण घरभेटीविषयीं कोणीं केले नाहींत. भेटीला जाऊन प्रार्थना करून परत येणें एवढेंच आम्ही जाणत होतों. आपल्यापैकीं पुष्कळ उपदेशकांची स्थिति अशीच असेल असें आम्हांस वाटतें.

हें शिक्षण आपणां मराठी मंडळ्यांस परकें नाहीं. १९३६ सालीं मुंबईंत नागपाडा येथें सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय उघडलें, आणि हिंदुस्थानांत समाजकार्याच्या रीतसर शिक्षणाचा आरंभ तेथें झाला. त्याचे पहिले संचालक डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी होते व नागपाड्याच्या दाट वस्तींतच त्यांचें काम चालत असे. पुढल्याच वर्षीं त्या विद्यालयानें मुलांसाठीं मार्गदर्शन केंद्र काढलें. १९४४ मध्यें ह्याच विद्यालयाला टाटा समाजविज्ञान संस्था हें नांव मिळालें. संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा जो दूरध्वनि क्रमांक आहे तोहि १९९६ मध्यें तेथल्याच क्षेत्रकार्यांतून निघाला; आतां तो सरकार चालवितें. हा क्रमांक प्रत्येक उपदेशकाच्या तोंडीं असावा.

परंतु मुलाचा प्रश्न हा घराचा प्रश्न असतो, हा धडा महाराष्ट्रांत ज्यांनीं सर्वांत चांगला गिरविला त्या ताराबाई मोडक व अनुताई वाघ. ताराबाईंनीं भावनगरास गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर काम केलेलें, माँटेसरी पद्धति त्यांच्या हातांत बसलेली. १९४५ मध्यें त्यांनीं बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र उघडलें. अनुताई तेथें त्यांस येऊन मिळाल्या. शहरांतलीं महाग साधनें खेड्यांत कोठून आणणार? म्हणून खडे, शिंपले, बिया, पानें हींच साधनें झालीं. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां ह्या बाया वस्तींत गेल्या आणि अंगणांतच बालवाडी भरवूं लागल्या. पुढें कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांत, आणखी एक गोष्ट दिसून आली. मोठी मुलगी शाळेंत येत नसे ती आळसानें नव्हे. आईबाप कामावर गेल्यावर धाकटें भावंड तिच्या कडेवर असे. तेव्हां पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा हीं एके ठिकाणीं आणून त्यांनीं विकासवाडी उभी केली. धाकटें पाळण्यांत, मधलें बालवाडींत, थोरली वर्गांत. गुरांमागें जाणाऱ्या पोरांसाठीं शाळाच कुरणांत नेली. आईबापांवर दोष ठेवून मोकळें होणें फार सोपें होतें. १९७५ सालीं सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि आज गांवोगांवीं अंगणवाडी आहे; ‘अंगणवाडी’ हा शब्द वाचतांना त्या अंगणांची आठवण आम्हांस होते.

आतां कायद्याविषयीं थोडें, कारण येथें अज्ञानानें मोठें नुकसान होतें. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानें असें तत्त्व घातलें आहे कीं मुलाला संस्थेंत ठेवणें हा शेवटला उपाय असावा. निराधार मुलाविषयीं निर्णय करण्याचा अधिकार जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचा आहे; पाळकाचा नाहीं, उपदेशकाचा नाहीं, सरपंचाचाहि नाहीं. अशा मुलांस ठेवणाऱ्या संस्थेची नोंदणी झालेली असावी लागते. आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणें अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचें ज्याला कळलें त्यानें तें पोलिसांस कळविलेंच पाहिजे. न कळविणें हा गुन्हा आहे. ‘मंडळीचें नांव जाईल, आपसांत मिटवूं’ असें म्हणणारे वडील आम्हांस भेटले आहेत. त्या बैठकींत मूल कोठेंच नसतें. ज्या मुलीनें हा अभ्यास केला आहे ती अशा बैठकींत उठून बोलूं शकेल, आणि तिच्या बोलण्याला आधारहि असेल.

आतां बंधूंच्या व्यवहाराच्या शंका. कोणत्याहि शाखेची पदवी असली तरी समाजकार्याच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासास जातां येतें. बारावीनंतर थेट समाजकार्याची पदवीहि घेतां येते. टाटा संस्थेच्या प्रवेशाला सीयूईटी ही परीक्षा द्यावी लागते व तेथें सर्व शिक्षण इंग्रजींत आहे. पुण्यास कर्वे समाज सेवा संस्था आहे, मुंबईस निर्मला निकेतन आहे. आणि नगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे ह्यांच्या नांवें चालणाऱ्या शिक्षणसंस्थेचें सी. एस. आर. डी. हें महाविद्यालय आहे. मुलीचें इंग्रजी कच्चें असल्यास घरापासून जवळचें ठिकाण आधीं पाहावें. राज्यांतल्या कित्येक महाविद्यालयांत मराठींतून उत्तरें लिहितां येतात.

शिक्षणानंतर जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालगृहें, समुपदेशन केंद्रें, रुग्णालयें व सेवाभावी संस्था ह्यांत कामें मिळतात. मात्र आम्ही खोटी आशा दाखवीत नाहीं. पुष्कळ जागा कराराच्या असतात, पगार बेताचा असतो, आणि जीं प्रकरणें दिवसा हाताळावीं लागतात तीं रात्रीं झोंपूं देत नाहींत. जिला केवळ नोकरी पाहिजे तिनें दुसरी वाट धरावी.

प्रवेशाआधीं एक महिना मुलीनें गांवच्या अंगणवाडीसेविकेबरोबर, तिची हरकत नसल्यास, सकाळपासून राहावें. किती मुलें आलीं हें तर मोजावेंच. पण कोणतें मूल आलें नाहीं, आणि कां, तें त्याच्या घरीं जाऊन विचारावें व वहींत लिहावें. वहीच्या पानावर आपलें मत एका बाजूस व ऐकलेलें दुसऱ्या बाजूस ठेवावें.

आणखी एक विनंती बंधूंस आहे. त्यांच्या चार पानांच्या पत्रांत खर्च आहे, प्रवास आहे, लग्नाचें वय आहे, नातलग काय म्हणतील हेंहि आहे. मुलगी स्वतः काय म्हणते तें एका ओळींतहि नाहीं. पुढलें पत्र तिनें आपल्या हातानें लिहावें. आम्ही वाट पाहत आहों.