नाथसागर

मुलांनो, डाव्या कालव्याला पाणी सुटले की पाथरी, मानवत, परभणी या भागांतले शेतकरी रात्रीसुद्धा शेतावर थांबतात. हे पाणी फार दुरून येते. पैठणजवळ गोदावरी नदीवर जायकवाडी धरण आहे. त्याची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांनी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांनी उद्‌घाटन केले. धरणामागच्या जलाशयाला संत एकनाथांच्या नावावरून नाथसागर म्हणतात. डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे.

नाथसागर बशीसारखा पसरट आहे. पूर्ण भरला की तो सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो. पण खोली कमी! त्यामुळे पाणी थोडे उतरले, तरी काठ फार दूर सरकतो. कालव्यातून पाणी जाते, काही उन्हाने आटते, आणि गाळाची काळी जमीन उघडी पडते.

ही जमीन कोणाची? धरणासाठी शंभराहून अधिक गावांची जमीन गेली. घरे, विहिरी, कबरस्ताने, देवळे, सगळे सोडून माणसे काठावर किंवा दूर जाऊन राहिली. आता उघड्या पडलेल्या जमिनीत काही जण हंगामापुरते पीक घेतात. याला गाळपेर म्हणतात. जमीन सरकारची; ती भाडेपट्ट्याने मिळते. एके काळी बापाची असलेली जमीन मुलगा भाड्याने कसतो, असेही घडते. २०१३ च्या दुष्काळात पाणी इतके खाली गेले की जुन्या गावांच्या खुणा उघड्या पडल्या.

‘हंगामा’ म्हटले की तुम्हांला गोंधळ आठवेल. मराठीत मात्र ‘हंगाम’ म्हणजे पिकांचा काळ. खरीप आणि रब्बी हे शब्द तर अरबीतूनच आले आहेत.

हिवाळ्यात उथळ पाण्यात गुलाबी पंखांचे रोहित पक्षी येतात. हिमालय ओलांडून रानहंसही येतात. १९८६ साली येथे पक्षी अभयारण्य झाले.

पैठणला आभाळ कोरडे असले, तरी नाशिककडे जोराचा पाऊस झाला की नाथसागराचे पाणी चढते. त्याआधी गाळपेरीचे पीक घरी न्यावे लागते. मग जुने बांध पुन्हा पाण्याखाली जातात.

शब्दार्थ : जलाशय – पाण्याचा मोठा साठा, कसणे – शेती करणे, बांध – शेताची कड.

स्वाध्याय : १. नाथसागराचा काठ दूर का सरकतो? २. गाळपेर म्हणजे काय? ३. तुमच्या गावाला पाणी कोठून येते, ते घरी विचारून लिहा.