फेब्रुवारीची परीक्षा

३१ डिसेंबर २००८ रोजी अनेकांचे गाणी ऐकण्याचे यंत्र एकाएकी बंद पडले. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ‘झ्यून’ यंत्राचा तो एक जुना नमुना होता. सुटे भाग शाबूत होते; चूक होती घड्याळाच्या आज्ञावलीत. लीप वर्षामुळे तो वर्षातला ३६६ वा दिवस होता. दिवस ३६५ हून अधिक असतील तोवर वर्षे वजा करीत जाणारा एक फेरा त्या आज्ञावलीत होता. नेमक्या ३६६ व्या दिवशी त्याला वजाबाकीही करता येईना आणि बाहेरही पडता येईना. घाण्याच्या बैलासारखा तो फिरत राहिला. तो एक दिवस आधी कोणी तपासून पाहिला असता तर?

ही तपासणी संगणकाकडूनच करवून घेता येते. लिनक्स प्रणाली असलेला संगणक शाळेत असेल, तर पुढील प्रयोग अवश्य करा. (या प्रणालीचा गाभा १९९१ साली लायनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने लिहावयास घेतला. ती मोफत मिळते.)

वर्ष दिले की त्या वर्षीच्या फेब्रुवारीचे दिवस सांगणारी आज्ञावली तुम्हाला येत असलेल्या भाषेत लिहा. सुरुवातीला नियम सोपाच ठेवा : चारने भाग गेला तर २९, नाहीतर २८. आता एका फाइलीत २०२३, २०२४, १९०० आणि २००० ही वर्षे एकाखाली एक लिहा. दुसऱ्या फाइलीत त्यांची बरोबर उत्तरे लिहा : २८, २९, २८, २९. ही झाली आपली आदर्श उत्तरपत्रिका. ती स्वतःच्या हाताने, पंचांग पाहून लिहावयाची. पुष्कळ नवशिके आज्ञावलीची उत्तरेच ‘आदर्श’ म्हणून उतरवून ठेवतात. विद्यार्थ्याने स्वतःचाच पेपर तपासावा, तसे ते होते!

आता आज्ञावलीला ती वर्षे द्या आणि तिची उत्तरे तिसऱ्या फाइलीत साठवा. मग ‘डिफ’ ही आज्ञा द्या. ‘डिफरन्स’ या इंग्रजी शब्दाची ही पहिली चार अक्षरे. तिच्यापुढे आदर्श उत्तरांच्या आणि मिळालेल्या उत्तरांच्या फाइलींची नावे लिहा. तिसऱ्या ओळीत फरक आहे, असे ती दाखवील. १९०० ला चारने भाग जातो, पण ते लीप वर्ष नव्हते.

चूक दुरुस्त करू या. शंभरने भाग गेला की २८, अशी पुस्ती जोडा आणि पुन्हा तपासा. १९०० बरोबर आले, पण आता २००० चुकले! आधी बरोबर असलेले उत्तर आपल्याच दुरुस्तीने बिघडले. म्हणून प्रत्येक बदलानंतर सर्व प्रश्न पुन्हा विचारावे लागतात. माणूस तिसऱ्या वेळी कंटाळतो. संगणक तिनशेव्या वेळीही कंटाळत नाही. या आज्ञा एका फाइलीत एकाखाली एक लिहून ठेवल्या, की ती फाइल चालवली म्हणजे सगळी परीक्षा आपोआप होते.

चारशेने भाग गेला तर २९, हा नियमही घाला. आता ‘डिफ’ काहीच बोलणार नाही. लिनक्समध्ये मौन हे बहुधा समाधानाचे लक्षण असते. शिवाय प्रत्येक आज्ञा संपताना एक अंक मागे ठेवते. फाइली सारख्या असतील तर ‘डिफ’चा अंक शून्य असतो, फरक असेल तर एक. परीक्षेतल्या शून्याच्या अगदी उलट! याच अंकावरून पुढे जावे की थांबावे, हे दुसरी आज्ञावली ठरवू शकते.

मात्र २०२३ आणि २०२४ हीच दोन वर्षे घेतली असती, तर पहिली चुकीची आज्ञावलीही मौनच राहिली असती.

लिनक्समध्ये ‘कॅल’ नावाचे पंचांगही असते. ‘कॅलेंडर’ची ही पहिली तीन अक्षरे. त्याला १७०० सालचा फेब्रुवारी विचारा. तो २९ दिवस दाखवील. तुमची आज्ञावली २८ म्हणेल. मग सप्टेंबर १७५२ विचारा : २ तारखेनंतर एकदम १४ येते! ब्रिटनने त्या वर्षी जुने ज्यूलियन पंचांग सोडून ग्रेगरीचे स्वीकारले. जुन्या पंचांगात चारने भाग जाणारे प्रत्येक वर्ष लीप होते. आता १७०० साठी आदर्श उत्तरपत्रिकेत २८ लिहाल की २९? वर्गात चर्चा करा, आणि मगच ती ओळ लिहा.