कोड ठेवायला खर्च किती? गिटहब की कोडबर्ग

वसई-विरारच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हटला की कोड गिटहबवर जातो, कारण प्लेसमेंटच्या वेळी लिंक तिथलीच मागतात. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर तिथेच आहे, ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्टही. म्हणजे गिटहब वाईट जागा नाही. पण ती मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहे. 2018 साली साडेसात अब्ज डॉलरचा सौदा झाला, तेव्हा तिथे कोड ठेवणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आधी पैशांचं बोलू. खुल्या प्रोजेक्टला गिटहब फुकट आहे. खासगी रेपोही फुकट, सोबत ऑटोमेशनची महिन्याला 2000 मिनिटं. टीम प्लॅन माणशी 4 डॉलर. चौघांच्या गटाला महिन्याला 16 डॉलर, वर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क. डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार आधी बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावे लागतात. विद्यार्थ्यांनी या प्लॅनच्या वाटेला जाऊ नये. गरज पडत नाही. अडचण येते ती 100 एमबीपेक्षा मोठ्या फाइलची. डेमोचा व्हिडिओ किंवा मशीन लर्निंगचं मॉडेल पुश करताना तिथे अडतं.

कोडबर्ग ही बर्लिनमधली ना-नफा संस्था, 2019 पासून चालू. फी नाही, जाहिराती नाहीत. खर्च सभासदांची वर्गणी आणि देणग्यांवर भागतो. अट एकच, पण पक्की: प्रोजेक्ट मुक्त परवान्याखाली हवा. क्लायंटचं बंदिस्त काम तिथे ठेवू नका. ऑटोमेशन गिटहबइतकं सढळ नाही, आणि एआय कंपन्यांच्या बॉट्सच्या माऱ्याने साइट कधी कधी मंदावते. एवढं सोसूनही मी मूळ रेपो तिथेच ठेवायला सांगेन, कारण तिथले नियम सभासद ठरवतात, भागधारक नव्हे.

स्वतःचा सर्व्हर घ्यायचा तर महिन्याला चार ते सहा डॉलर, त्यावर 18 टक्के जीएसटी, शिवाय डोमेनचं वार्षिक भाडं. बॅकअप आणि अपडेट तुमच्याच गळ्यात. एकट्या विद्यार्थ्याने यात पडू नये. कॉलेजच्या क्लबने जरूर पडावं, शिकायला खूप मिळतं.

प्रत दोन ठिकाणी हवीच. डिसेंबर 2014 मध्ये दूरसंचार विभागाच्या आदेशावरून भारतातच गिटहब काही इंटरनेट कंपन्यांकडे बंद झालं होतं.

हलवायला अर्धा तास पुरतो. कोडबर्गवर ‘मायग्रेट’मध्ये गिटहबचा पत्ता आणि टोकन दिलं की कोडबरोबर इश्यू, लेबल, रिलीज, विकी सगळं येतं. स्टार येत नाहीत, ऑटोमेशनच्या फाइली पुन्हा जुळवाव्या लागतात. मग सेटिंगमध्ये गिटहबचा पत्ता आणि वेगळं टोकन पुश मिररला द्या, म्हणजे मुलाखतीला दाखवायची लिंक ताजी राहते. मायग्रेटसाठी काढलेलं टोकन मात्र काम होताच रद्द करा.