ग्रंथालय, छायाप्रत आणि लेखकाचा हक्क

महाविद्यालयीन ग्रंथालयात ग्रंथाची प्रत एक आणि वाचक अनेक, ही स्थिती सर्वपरिचित आहे. विद्यार्थी साहजिकच छायाप्रतीचा आधार घेतो. मात्र ती कायद्यात कितपत बसते, याविषयी ग्रंथपालांच्या मनात शंका असते.

कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत व निधनानंतर ६० वर्षे त्याच्या ग्रंथावरील हक्क अबाधित असतो. तथापि कलम ५२ ने काही सवलती दिल्या आहेत. वैयक्तिक अभ्यास वा संशोधन यांसाठी ग्रंथाचा रास्त वापर करता येतो. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने अथवा विद्यार्थ्याने काढलेली प्रत हक्कभंग ठरत नाही.

या सवलतीची कसोटी दिल्ली विद्यापीठात लागली. अभ्यासक्रमातील निवडक प्रकरणांच्या छायाप्रतींचे संच तेथील रामेश्वरी छायाप्रत केंद्र विकत असे. त्याविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा दाखल केला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ९ डिसेंबर २०१६ रोजी स्पष्ट केले की, पृष्ठांची ठरावीक मर्यादा नाही. अध्यापनाच्या हेतूस आवश्यक तेवढा भाग घेता येतो. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

याचा अर्थ सरसकट मोकळीक असा नव्हे. बाजारात मिळणारा संपूर्ण ग्रंथ केवळ पैसे वाचविण्यासाठी उतरविणे हे लेखकाच्या श्रमांवर घाला घालणे होय. म्हणून ग्रंथपालांनी पृष्ठे मोजण्यापूर्वी हेतू विचारावा आणि वारंवार मागणी असलेल्या ग्रंथाच्या अधिक प्रती खरेदी कराव्यात. विद्यार्थ्याची गरज आणि लेखकाचा हक्क, दोहोंचा मान त्यातच राखला जाईल.