नवा सोबती

सोलापूर जिल्ह्यात नीरा नदीच्या काठी अकलूज हे गाव वसले आहे. भोवती उसाचे मळे आहेत आणि जवळच यशवंतनगर येथे सहकारी साखर कारखाना आहे. दिवाळीच्या सुमारास गाळपाचा हंगाम सुरू झाला, की बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार या भागात येतात. शिवारात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. आईवडिलांबरोबर मुलेही येतात. त्यांची गावची शाळा मात्र मागे राहते.

त्यांपैकी एखादा मुलगा हंगामापुरता येथील वर्गात येऊन बसतो. त्याची बोली निराळी असते, धडे अर्धवट राहिलेले असतात आणि भर तासाला त्याचे डोळे मिटू लागतात. कोणी त्याला हसतो, कोणी आळशी म्हणतो. तो मान खाली घालतो आणि एके दिवशी शाळेकडे फिरकेनासा होतो.

परंतु शेजारच्या मुलाने आपुलकीने विचारले, "रात्री झोप झाली नाही का रे?" आणि उत्तराची वाट पाहिली, तर निराळीच हकिकत कळते. तोडलेल्या उसातील साखर वेळ जाईल तशी घटते. म्हणून तो लवकर कारखान्यावर पोचवावा लागतो. वाहन मध्यरात्री आले, तर मोळ्याही मध्यरात्रीच भराव्या लागतात. तोवर धाकट्या बहिणीला सांभाळीत हा मुलगा जागा असतो!

मग एका प्रश्नातून दुसरा प्रश्न निघतो. 'ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये' ही म्हण साऱ्या वर्गाला पाठ असते. पण कोयता जमिनीलगत का चालवितात, हे नव्या मुलालाच ठाऊक असते. बुडख्याकडे साखर अधिक असते, शेंड्याकडे कमी. म्हणून शेंडा छाटून त्याचे वाढे गुरांना घालतात. हे सांगताना त्याची मान आपोआप वर होते.

मात्र विचारणे म्हणजे खोदून काढणे नव्हे. एखादी गोष्ट त्याला सांगावीशी वाटली नाही, तर ती तेथेच सोडावी.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकाला, जुन्या शाळेचा दाखला नसला तरी, शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. कायद्याने बाकावर जागा मिळते. सोबती मात्र वर्गानेच व्हावे लागते.

शब्दार्थ : कोपी – तात्पुरती झोपडी, गाळप – ऊस पिळून रस काढणे, वाढे – उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, बुडखा – उसाचा जमिनीलगतचा भाग.

स्वाध्याय
१. नव्या मुलाला वर्गात झोप का येत असे?
२. 'विचारणे' आणि 'खोदून काढणे' यांत फरक कोणता?
३. आपल्या वर्गातील एका सोबत्याकडून त्याच्या घरच्या कामाची माहिती ऐका व पाच ओळी लिहा.