कुलूपबंद दस्तऐवज आणि मुक्त सॉफ्टवेअर

ग्रामसभेपुढे एखाद्या योजनेच्या अटी वाचून दाखवावयाच्या असतात. मूळ परिपत्रक संगणकावर उघडते, व्यवस्थित वाचताही येते; परंतु त्यातील चार ओळी सूचनापत्रात उतरवून घ्यावयास गेले, तर नक्कल करण्याची सोय बंद केलेली आढळते. मग तोच मजकूर हाताने पुन्हा टंकलिखित केला जातो. त्यात उत्पन्नमर्यादेतील एखादे शून्य गळाले किंवा अंतिम तारीख चुकली, तर पात्र कुटुंबाचा अर्ज राहून जाण्याचा संभव असतो. यास्तव, हे कुलूप नेमके कशाचे असते, ते केव्हा काढता येते आणि मुळात ते लावावे काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन प्रकारची कुलुपे

पीडीएफ हा दस्तऐवजाचा प्रकार ॲडोबी कंपनीने १९९३ साली प्रचारात आणला व २००८ साली त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्यात दोन प्रकारचे पासवर्ड योजिता येतात. पहिला उघडण्याचा. तो ठाऊक नसेल तर सांकेतिक रूपात साठविलेला मजकूर वाचताच येत नाही. हे खरे कुलूप होय. दुसरा पासवर्ड नियंत्रणाचा. मुद्रण, फेरफार अथवा नक्कल करू द्यावी किंवा नाही, एवढेच त्याने ठरते.

दुसऱ्या प्रकारात मजकूर सांकेतिक केलेला असला, तरी तो उघडण्यासाठी वाचकाला काहीच विचारले जात नाही. पडद्यावर अक्षरे दाखवावयाची म्हणजे सॉफ्टवेअरला तो संपूर्ण उलगडावाच लागतो. त्यानंतर उरते ती केवळ सूचना. उघड्या कपाटावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी लावावी, तसा हा प्रकार आहे.

मुक्त सॉफ्टवेअरचे कार्य

ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणालाही पाहता, बदलता व वाटता येते त्यास मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पापासून या चळवळीस संघटित रूप आले. अशा सॉफ्टवेअरमध्ये ही सूचना पाळावी की नाही, याचा निर्णय वापरणाऱ्याकडे राहू शकतो. ओक्युलर या वाचन-सॉफ्टवेअरमध्ये तशी निवड करण्याची सोय आहे. क्यूपीडीएफ हे साधन, उघडता येणाऱ्या दस्तऐवजाची निर्बंधरहित प्रत तयार करते. उघडण्याचा पासवर्डच ठाऊक नसेल, तर मात्र या दोहोंचाही उपयोग होत नाही.

तिसरा मार्ग अक्षर-ओळखीचा. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत विकसित झालेले व २००५ साली मुक्त करण्यात आलेले टेसरॅक्ट हे साधन पानाच्या चित्रावरून मजकूर तयार करते. ते मराठीही ओळखते. कागदाचे छायाचित्र घेऊन बनविलेल्या दस्तऐवजास कुलूप नसले तरी त्यात मजकूर असा नसतोच. तेथे हाच मार्ग उपयोगी पडतो.

देवनागरीची अडचण

पुष्कळदा दोष कुलपाचा नसून अक्षरांचा असतो. युनिकोडपूर्व जुन्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असतात. तेथून नक्कल केल्यास अर्थहीन रोमन अक्षरे हाती येतात. युनिकोडमधील मजकुरातही वेलांट्या व जोडाक्षरे कधी कधी जागा सोडतात. म्हणून कोणत्याही मार्गाने मजकूर घेतला, तरी आकडे, तारखा व नावे मूळ प्रतीशी ताडून पाहावीत.

कायद्याची मर्यादा

एखादी गोष्ट करता येते, म्हणून ती करण्याचा अधिकार मिळतो असे नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ यात २०१२ साली घातलेल्या कलम ६५-अ नुसार, हक्कभंग करण्याच्या हेतूने संरक्षक तांत्रिक उपाय मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. अधिनियमाने स्पष्टपणे मनाई न केलेल्या प्रयोजनासाठी हे कलम आड येत नाही. तथापि दुसऱ्यास असे साहाय्य करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता व प्रयोजन यांची नोंद ठेवावी, अशी अट आहे.

कलम ५२ मध्ये काही सवलती दिल्या आहेत. राजपत्रात प्रसिद्ध झालेला मजकूर पुनर्मुद्रित करणे हा हक्कभंग नव्हे. मात्र विधिमंडळाचा अधिनियम भाष्यासह किंवा अन्य स्वतंत्र मजकुरासह छापावा लागतो. अध्यापनाच्या ओघात शिक्षक वा विद्यार्थ्याने केलेली नक्कल आणि अपंग व्यक्तींसाठी सुगम स्वरूपात केलेली प्रत यांनाही या कलमाने मुभा दिली आहे. कुलपामुळे अंध शिक्षकाच्या वाचन-सॉफ्टवेअरला मजकूर मिळत नसेल, तर या तरतुदीचे महत्त्व ध्यानी येते. खुद्द पीडीएफच्या २०१७ सालच्या मानकानेही, सुगमतेसाठी मजकूर घेण्यास निर्बंध असू नये, असे ठरविले आहे.

कुलूप लावण्यापूर्वी

मजकुरात कोणी फेरफार करील, या भीतीने कार्यालये बहुधा कुलूप लावतात. परंतु त्यावर खरा उपाय म्हणजे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याने मान्य केलेली डिजिटल स्वाक्षरी होय. एक अक्षर बदलले तरी ते पडताळणीत उघड होते, आणि प्रामाणिक वाचकाची अडवणूकही होत नाही.

उलटपक्षी, लाभार्थ्यांचे आधार क्रमांक किंवा बँक खाती असलेली यादी केवळ नक्कलबंदी लावून प्रसिद्ध केली, तर ती मुळीच सुरक्षित नसते. क्रमांकावर काळी पट्टी ओढली, तरी खालचा मजकूर दस्तऐवजात तसाच राहू शकतो. अशी माहिती मूळ मजकुरातूनच काढून टाकली पाहिजे, अथवा तो दस्तऐवज प्रसिद्धच करू नये.

जे गुप्त ठेवावयाचे ते खऱ्या कुलपात ठेवावे आणि जे लोकांसाठी आहे ते मोकळे असावे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ ने सार्वजनिक प्राधिकरणांवर आपण होऊन माहिती प्रकट करण्याचे कर्तव्य सोपविले आहे. उतरवून घेता येईल, शोधता येईल व ऐकता येईल अशा रूपात परिपत्रक दिले, तरच हे कर्तव्य खऱ्या अर्थाने गावापर्यंत पोहोचेल.